सेविचे, सेबिचे की सेव्हिचे? लेखन, अर्थ आणि उगम

वाटणघाटण

दिवाळी अंकाच्या पाककृती विभागात पेरू देशातला तो प्रसिद्ध पदार्थ घ्यायचा आहे. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, कांदा, मिरची, कोथिंबीर. पाककृती तयार आहे, पण नाव कसं छापायचं ते ठरत नाही. मराठीत सेविचे, सेव्हिचे, सेबिचे, सेविश अशी रूपं दिसतात आणि मूळ स्पॅनिशमध्येही एकच लेखन नाही.

शंका तीन आहेत. देवनागरीत कोणतं रूप बरोबर? शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो आला कुठून? आणि कोळंबी उकडून घेतली तर त्याला हेच नाव देता येईल का? जाणकारांनी नेमकं सांगावं, कारण हे छापलं जाणार आहे.

रूपावली

आधी स्पॅनिश बघू. स्पॅनिश अकादमीच्या कोशात या शब्दाची चार लेखनं आहेत: सुरुवातीला 'सी' किंवा 'एस', आणि मध्ये 'बी' किंवा 'व्ही'. चारही मान्य आहेत. मुख्य नोंद 'सी-ई-बी-आय-सी-एच-ई' या लेखनाखाली आहे, पण जगभर जास्त पसरलेलं रूप 'व्ही'चं.

चार रूपं होण्याचं कारण उच्चारात आहे. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' यांचा उच्चार एकच आहे. दोन स्वरांच्या मध्ये आल्यावर तो मऊ होतो, ओठ पूर्ण मिटत नाहीत. लॅटिन अमेरिकेत 'ई'पूर्वीचा 'सी' आणि 'एस' हेही एकसारखेच, 'स'. म्हणजे कानाला चारही लेखनं तंतोतंत सारखी. ज्या शब्दाची व्युत्पत्ती पक्की असते त्याचं लेखन व्युत्पत्तीवरून ठरवता येतं. इथे तीच पक्की नाही, म्हणून चारही टिकली.

आता देवनागरी. मधल्या व्यंजनासाठी 'व' घ्यावा. आपला 'व' ओठ हलके जवळ आणून होतो आणि स्पॅनिश उच्चाराच्या सगळ्यांत जवळ तोच जातो. 'ब' लिहिला तर वाचणारा ओठ घट्ट मिटणार. 'व्ह' आपण इंग्रजी 'व्ही'साठी राखलेला आहे (व्हॅन, टीव्ही, व्हिसा), त्यात दात ओठाला लागतात. स्पॅनिशमध्ये तो उच्चारच नाही. सेव्हिचे हे रूप इंग्रजी वाचनातून आलेलं आहे, ते टाळावं.

शेवटचा 'ए' पूर्ण उच्चारायचा. 'सेविश' आणि 'सेविच' ही रूपं फ्रेंच-इंग्रजी सवयीची. 'च' तालव्य, 'चेहरा'मधला, 'चाक'मधला नव्हे. स्पेनच्या बऱ्याच भागात पहिलं अक्षर 'थे'सारखं ऐकू येतं, पण पदार्थ पेरूचा आहे तर उच्चार तिथलाच घ्यावा.

राहिला इकार. स्पॅनिशमध्ये आघात 'वि'वर असल्यामुळे काही जण दीर्घ लिहितात. तसं करू नये. मराठीच्या नियमाने शेवटचं अक्षर दीर्घ स्वरान्त असेल तर उपान्त्य इकार ऱ्हस्व असतो (किडा, विळी, पिसू). शिवाय 'सेवीचे' लिहिलं की वाचकाला ते षष्ठीचं रूप वाटतं, शेवेशी काहीतरी संबंध असल्यासारखं. सेविचे हेच नीट.

खाडीकाठ

लिंग आणि सामान्यरूपाचंही सांगा. पाककृती लिहिताना खरी अडचण तिथे येते. 'सेविच्यात मीठ घाला' असं छापलेलं पाहिलं आहे.

रूपावली

खाडीकाठ, चांगला मुद्दा. स्पॅनिशमध्ये शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत एकारान्त असल्यामुळे तो केळे, रताळे यांच्या रांगेत जाऊन बसायला बघतो, आणि म्हणून 'केळ्यात'सारखं 'सेविच्यात' होतं, बोलताना 'सेविचं' होतं. पण परके एकारान्त शब्द आपण बदलत नाही. 'कॅफे'चं कॅफेत, कॅफेला, कॅफेचा होतं, 'कॅफ्यात' होत नाही. त्याच धर्तीवर सेविचेत, सेविचेला, सेविचेचा. लिंग नपुंसक धरलं तर वाक्यं सहज होतात: 'सेविचे तयार झालं की लगेच वाढावं.' एकदा ठरवलं की लेखभर तेच ठेवा.

दक्षिणवारा

पेरूमधल्या वापराबद्दल थोडी भर. तिथे 'बी'चं आणि 'व्ही'चं अशी दोन्ही लेखनं सर्रास दिसतात. २००८ पासून २८ जून हा या पदार्थाचा राष्ट्रीय दिवस आहे, त्याच्या सरकारी नावात 'बी' आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सेविचे करण्या-खाण्याच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्या नोंदीत 'व्ही' आहे. कोणी एक लेखन शुद्ध आणि दुसरं अशुद्ध म्हणत असेल तर त्याला तिथे आधार नाही.

जिथे हा पदार्थ मिळतो त्या खानावळीला सेविचेरिया म्हणतात. त्या परंपरेने दुपारीच चालतात: पहाटे उतरलेली मासळी दुपारच्या जेवणात संपवायची, रात्रीवर टाकायची नाही. पाककृतीसोबत हे एक वाक्य छापलं तरी वाचकाला पदार्थाचा स्वभाव कळेल.

पोथीपान

उगमाबद्दल. शक्यतांना शक्यताच म्हणायचं, हे आधी ठरवू.

सर्वांत जास्त मानली जाणारी वाट फारसीतून निघते. सासानी राजवटीतल्या, म्हणजे इस्लामपूर्व इराणपासून 'सिकबा' नावाचा पदार्थ सांगितला जातो. 'सिक' म्हणजे शिरका, आपण आज ज्याला व्हिनेगर म्हणतो तो. 'बा' म्हणजे रस्सा. अरबीत त्याचं 'सिकबाज' झालं. १२२६ मध्ये बगदादला लिहिलेल्या एका पाककृतिग्रंथात त्याची कृती आहे. त्यात मासा नाही. चरबीदार मांस धणे-दालचिनीसोबत शिजवायचं, कांदा, गाजर किंवा वांगी घालायची, मग शिरका आणि खजुराचा पाक, वर बदाम, मनुका, अंजीर, रंगाला केशर. आंबटगोड मांसाचा रस्सा.

मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमध्ये, म्हणजे अल्-अंदलुसमध्ये, हा शब्द पोचला. तिथल्या अरबीत लांब 'आ' हा 'ए'कडे झुकायचा, त्यामुळे 'बाज'चं 'बेच' होणं स्वाभाविक. स्पॅनिशमध्ये 'एस्काबेचे' तयार झालं. अर्थही सरकला: मासा किंवा पक्ष्याचं मांस आधी तळायचं, मग शिरका, तमालपत्र, लसूण, मिरे यांच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. बर्फ नसलेल्या काळात तळलेला मासा असा काही दिवस टिकायचा. शब्दामागचा मूळ विचार टिकाऊपणाचा आहे, हे लक्षात ठेवा, कारण सेविचेत नेमकी उलट गोष्ट आहे.

एस्काबेचेपासून सेविचेपर्यंतचा टप्पा मात्र कच्चा आहे. मधला 'का' कुठे गेला, याचं समाधानकारक उत्तर नाही. अकादमीच्या कोशातही या व्युत्पत्तीपुढे 'कदाचित' असाच शब्द आहे. तुम्हीही तसंच छापा.

दुसरी मतं अशी. पेरूतल्या मूळ रहिवाशांच्या क्वेचुआ भाषेतल्या 'सिविची' या शब्दाशी काही जण संबंध जोडतात. काही जण स्पॅनिशमधला 'सेबो', म्हणजे आमिष किंवा चारा, हा धातू मानतात आणि 'इचे' हा प्रत्यय. इंग्रज खलाशांच्या तोंडच्या 'सी बीच'वरून नाव पडलं ही गोष्ट पर्यटनाच्या पत्रकांत फार आवडीने सांगतात, तिला काहीच आधार नाही. ती छापू नका.

तिखटमीठ

पोथीपान, 'बा' म्हणजे रस्सा असेल तर 'शोरबा'तला 'बा' तोच का?

पोथीपान

हो, तोच. 'शोर' म्हणजे खारट, 'बा' म्हणजे रस्सा. शोरबा आपल्याकडे फारसीतून आला. ही व्युत्पत्ती खरी धरली तर शोरबा आणि सेविचे यांचे मागचे धागे फारसीत एका ठिकाणी येतात. पण वाचकाला सांगताना 'खरी धरली तर' हे शब्द गाळू नयेत.

आणखी एक. गोव्याच्या विंदालूशी याची गाठ मारलेली दिसते, ती चूक. विंदालूचं मूळ पोर्तुगीजमध्ये, वाइन किंवा तिचा शिरका आणि लसूण या दोन शब्दांत आहे. एस्काबेचे हा शब्द पोर्तुगीजमध्येही आहे, पण तो वेगळा पदार्थ.

दक्षिणवारा

शब्दाचं वय आणि पदार्थाचं वय यांची गल्लत होते म्हणून लिहितो. पेरूच्या किनाऱ्यावर स्पॅनिश येण्याआधीही मासा आंबट रसात घालून खात, असं सांगितलं जातं. त्यासाठी 'तुंबो' नावाच्या कृष्णकमळाच्या कुळातल्या आंबट फळाचं नाव घेतात. लिंबू, कांदा आणि कोथिंबीर हे तिन्ही जिन्नस स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात नेले. मिरची, मका आणि रताळं तिथलंच. आजच्या ताटलीत दोन्ही बाजू आहेत.

छापील उल्लेखांत १८२० च्या सुमाराचं एक गाणं सांगतात. पेरूच्या राष्ट्रगीताचे कवी आणि संगीतकार जे, त्याच जोडीचं. त्यात इतर देशी पदार्थांबरोबर याचं नाव येतं. १८६० च्या दशकात मानुएल अतानासिओ फुएंतेस यांनी लीमा शहराचं वर्णन लिहिलं, त्यात कृतीच आहे: माशाचे बारीक तुकडे किंवा कोळंबी आंबट संत्र्याच्या रसात, भरपूर मिरची आणि मीठ घालून काही तास ठेवायची.

'काही तास' आणि 'आंबट संत्रं' या दोन गोष्टींवर लक्ष द्या. आज लीमात लिंबू वापरतात आणि वेळ मिनिटांत मोजतात. हा बदल विसाव्या शतकातला. १८९९ पासून जपानी लोक पेरूत येऊन स्थायिक झाले. ताजा मासा कच्चाच नीट कापून खाण्याची त्यांची पद्धत इथल्या स्वयंपाकात मिसळली आणि मुरवण्याचा वेळ घटत गेला. 'तिरादितो' हा पातळ कापांचा, कांदा नसलेला भाऊबंद त्याच मिश्रणातला.

त्यामुळे मराठीत 'मुरवलेला मासा' लिहिणं आजच्या लीमाच्या पद्धतीला जुळत नाही. 'आंबवलेला' तर अजिबात नको, आंबवणं म्हणजे पीठ फुगतं ती क्रिया, इथे तसं काहीच घडत नाही. 'लिंबाच्या रसात ठेवलेला' असं साधं लिहा.

खाडीकाठ

आता कृतीकडे. माशाची निवड सर्वांत महत्त्वाची, म्हणून आधी तीच.

पेरूत यासाठी कोर्विना आणि लेंग्वादो हे दोन मासे मानाचे. लेंग्वादो म्हणजे चपटा मासा, आपल्या लेपाच्या जातकुळीतला. कोर्विना ज्या कुळातला आहे त्याच कुळात आपला घोळ आणि ढोमा येतात. घट्ट, पांढरं, कमी तेलाचं मांस आणि मोठे पाकळीदार धागे हा त्यांचा गुण. घोळ महाग आणि क्वचित मिळतो. जिताडा समुद्राचा असेल तर चालतो. रावस चवीला छान, पण मांस मऊ, तुकडे तुटतात. पापलेट कापायला बारीक पडतं. बांगडा, तारली, कुपा घेऊ नये. सुरमईही या पदार्थाला नको. का, ते सूक्ष्मदर्शी सांगतीलच. गोड्या पाण्याचा कोणताही मासा कच्चा खाऊ नये: रोहू, कटला, मरळ, तिलापिया, काहीही.

लिंबाबाबत आपण नशीबवान आहोत. पेरूत ज्याला 'लिमोन सुतिल' म्हणतात ते पिउरा भागात पिकणारं लहान, पातळ सालीचं, झोंबणारं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच, वनस्पतिशास्त्रातलं नावही तेच. युरोपात आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना पिवळ्या मोठ्या लिंबावर भागवावं लागतं आणि चव गोडसर येते. आपल्याला तो प्रश्न नाही.

चार जणांसाठी प्रमाण:

मासा काटे-कातडं काढून ५०० ग्रॅम, शिवाय कापताना निघालेले ५० ग्रॅम तुकडे. कागदी लिंबं १० ते १२, रस साधारण १६० मिली निघायला हवा. मीठ ८ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा. लाल कांदा एक मोठा. मिरची एक-दोन. कोथिंबीर बारीक चिरून दोन मोठे चमचे. लसणीची एक पाकळी, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, सेलरीची अर्धी दांडी, बर्फाचे सहा-सात खडे.

मासा, भांडं आणि ताटल्या आधी फ्रीजमध्ये थंड करा. कांदा उभा, शक्य तितका पातळ कापून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पूर्ण निथळा. पाणी राहिलं तर रस पांचट होतो.

लिंबं कापा आणि हाताने हलके पिळा. रस येणं मंदावलं की थांबा. शेवटच्या थेंबापर्यंत दाबलं तर सालीचं तेल आणि पांढऱ्या भागातला कडवटपणा उतरतो, तो नंतर कशानेही जात नाही. रस काढून तासाभराहून जास्त ठेवू नका. बाटलीतला रस तर नकोच.

मासा दीड-दोन सेंटीमीटरच्या चौकोनी तुकड्यांत, धाग्याच्या आडवा कापा. तुकडे सारखे हवेत, नाहीतर लहान कोरडे पडतात आणि मोठे आतून कच्चे राहतात.

'लेचे दे तिग्रे' म्हणजे या पदार्थाचा पांढरट रस. माशाचे ते ५० ग्रॅम तुकडे, लिंबाचा निम्मा रस, लसूण, आलं, सेलरी, कोथिंबिरीच्या दोन-तीन काड्या, चार मोठे चमचे थंड पाणी किंवा माशाचं थंड सूप आणि तीन-चार बर्फाचे खडे मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि रस फुटतो. गाळून घ्या.

थंड भांड्यात मासा, आधी फक्त मीठ. हलवा, दोन मिनिटं थांबा. मिठाने पृष्ठभागाचं पाणी सुटतं आणि तुकडे घट्ट होतात. रस आधी घातला तर बाहेरचा थर लगेच घट्ट होतो आणि मीठ आत पोचत नाही. मग मिरची, उरलेला लिंबाचा रस, दोन बर्फाचे खडे. हलवून तीन ते पाच मिनिटं. कडा पांढऱ्या, मध्य अजून पारदर्शक, ही लीमाची खूण. खडे काढून टाका, गाळलेला रस, कांदा, कोथिंबीर घाला आणि लगेच वाढा.

अर्धा तास ठेवलं तर मासा खडूसारखा भुसभुशीत होतो. आम्ल प्रथिनं घट्ट करत राहतं आणि त्यांच्यातलं पाणी बाहेर ढकलतं. 'अजून थोडं शिजू दे' म्हणून ठेवून देणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.

तिखटमीठ

मिरची कोणती? पेरूतल्या मूळ 'आही लिमो' मिरचीला पर्याय काय?

खाडीकाठ

तिखटासाठी आपली हिरवी तिखट मिरची चालेल, बिया आणि शिरा काढून. पण आही लिमोला लिंबासारखा जो वास असतो तो आपल्या नेहमीच्या मिरचीत नाही, पाककृतीत 'पर्यायी' असा उल्लेख हवा. एक चांगली सवय: मिरचीची कापलेली बाजू आधी भांड्याच्या आतून फिरवायची, मग मासा घालायचा. तिखट सगळीकडे सारखं लागतं. लाल तिखट घालू नये, रस गढूळ होतो आणि मसाल्याची चव पुढे येते.

सूक्ष्मदर्शी

पाककृती छापणार असाल तर हा भाग चौकटीत घ्या, अशी कळकळीची विनंती आहे.

'लिंबात मासा शिजतो' हे वाक्य सगळीकडे असतं. दिसायला ते खरं वाटतं: आम्लाने प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, पुन्हा एकमेकींत अडकतात, मासा पांढरा आणि घट्ट होतो. उष्णतेनेही तेच होतं. फरक असा की उष्णता जंतू आणि कृमी मारते, लिंबाचा रस ते काम भरवशाने करत नाही. पाच मिनिटांत तर नाहीच, रात्रभर ठेवूनही नाही. दिसण्यात शिजलेला, सुरक्षिततेत कच्चा, असं स्पष्ट लिहावं.

धोके तीन प्रकारचे. पहिला समुद्री माशांतल्या 'अनिसाकिस' कृमींचा. त्या अळ्या आम्लात सहज तगतात. उपाय गोठवणं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीत उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सात दिवस, किंवा उणे ३५ ला घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास असे पर्याय आहेत. घरचा फ्रीझर बहुतेक उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडलं की चढतो. त्याच्यावर विसंबू नये.

दुसरा जीवाणूंचा. मासळी ज्या बर्फात ठेवली त्या बर्फाचं पाणी, कापायची फळी, सुरी, हात. गोठवण्याने जीवाणू मरतातच असं नाही, बरेचसे फक्त थांबतात. १९९१ मध्ये पेरूत पटकीची मोठी साथ आली, त्या वर्षी तीन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. कच्च्या सागरी अन्नाबद्दल लोकांना सावध केलं गेलं आणि सेविचेचा धंदा बसला. साथीचं मुख्य कारण दूषित पाणी होतं, पण कच्चा मासाही त्यात होता.

तिसरा हिस्टामिनचा. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनांचा एक घटक भरपूर. मासा पकडल्यावर थंड राहिला नाही तर जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते तयार झालं की उकळून, गोठवून, लिंबाने, कशानेही नष्ट होत नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं ही लक्षणं. खाडीकाठ यांनी हे मासे का वगळले त्याचं कारण हे.

गर्भवती, लहान मुलं, वृद्ध, यकृताचे आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा प्रकार खाऊ नये. 'ताजा मासा घ्या' एवढ्यावर भागत नाही. कृमी ताज्या माशातही असतात.

वाटणघाटण

हे सगळं वाचल्यावर अंकात कच्च्या माशाची कृती मुख्य म्हणून देणं मला योग्य वाटत नाही. बहुतेक वाचकांकडे तसा गोठवलेला, खात्रीचा मासा नसणार. म्हणून तिसरी शंका पुन्हा विचारते: कोळंबी उकडून केली तर सेविचे म्हणायचं का? की 'सेविचेच्या पद्धतीची' असं काही?

दक्षिणवारा

निःशंक सेविचे म्हणा. कच्चेपणा हा शब्दाच्या अर्थाचा भागच नाही, लोकांनी तो चिकटवलेला आहे.

इक्वेडोरमध्ये कोळंबीचं सेविचे उकडलेल्या कोळंबीचंच असतं. कोळंबी उकळत्या पाण्यात घालून गुलाबी होताच काढतात, मग लिंबू, संत्र्याचा रस, टोमॅटो, कांदा, आणि त्या उकळीचं थंड पाणीही रसात. सोबत लाह्या आणि कच्च्या केळ्यांचे वेफर. तिथेच 'सेविचोचो' आहे, भिजवून-उकळून कडूपणा काढलेल्या चोचो नावाच्या शेंगवर्गीय दाण्यांचं, मासाच नाही. पेरूत लीमाच्या उत्तरेला हुआचो भागात बदकाचं सेविचे करतात, ते आंबट संत्र्याच्या रसात चांगलं शिजवलेलं असतं. मेक्सिकोत तळलेल्या मक्याच्या पोळीवर घालून खातात. हे सगळे त्याच नावाने ओळखले जातात. समान धागा आंबट फळाचा रस, मीठ, मिरची आणि कांदा.

फक्त 'पेरूचं पारंपरिक' असं वर लिहू नका. उकडलेल्या कोळंबीला 'इक्वेडोरच्या पद्धतीचं सेविचे' म्हणा, ते खरंही आहे आणि मानाचंही.

खाडीकाठ

उकडण्याची वेळ देतो. मध्यम कोळंबी, सोलून धागा काढलेली, ५०० ग्रॅम. दीड लिटर पाणी, मीठ दोन चहाचे चमचे, कांद्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या. खळखळ उकळी, कोळंबी घाला, दीड ते दोन मिनिटं. आतपर्यंत पांढरी अपारदर्शक झालेली हवी, एक कापून बघा. लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि थंड होताच निथळा. पाण्यात राहिली तर बेचव होते. लिंबाचा रस इथे १०० मिली पुरतो, जोडीला एका संत्र्याचा रस. कोळंबी आधीच शिजलेली असल्यामुळे वीस मिनिटं रसात ठेवली तरी बिघडत नाही, उलट चव धरते.

एक गोष्ट वेळेबद्दल. पेरूचा तो २८ जूनचा दिवस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असण्याच्या काळात येतो (१ जून ते ३१ जुलै). त्या मुहूर्तावर करायचं कोणी ठरवलं तर बाजारातली मासळी साठवणीची किंवा लांबून आलेली असण्याची शक्यता मोठी. दिवाळीच्या सुमाराला ती अडचण नाही.

रूपावली

स्पॅनिश पाककृतीवरून भाषांतर करणार असाल तर चार शब्द फसवतात, ते आधीच तपासा.

'लिमोन' म्हणजे पेरूत हिरवं लहान लिंबू, पिवळं मोठं नव्हे. 'कामोते' म्हणजे रताळं, उकडून सेविचेच्या बाजूला ठेवतात, त्याच्या गोडीने आंबटपणा सुसह्य होतो. स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात रताळ्याला 'बाताता' म्हणतात. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून आला आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे 'बटाटा' होऊन दुसऱ्याच कंदाला लागला. म्हणून भाषांतरात रताळ्याच्या जागी बटाटा येतो आणि ताटलीतली गोडी जाते. 'आही' म्हणजे मिरची, अक्षरं बघून 'अजी' लिहितात ते चूक. 'चोक्लो' म्हणजे मोठ्या पांढऱ्या दाण्यांचं ओलं मक्याचं कणीस. आपल्या गोड मक्याने सगळंच गोड होतं, त्यापेक्षा साधं देशी कणीस उकडून घ्या.

आणि 'माशाची कोशिंबीर' हे भाषांतर शीर्षकात नको. ओळख करून देताना एका वाक्यात चालेल, पण कोशिंबीर जेवणात डावीकडे असते, सेविचे हे स्वतंत्र खाणं आहे.

वाटणघाटण

सर्वांचे मनापासून आभार. नोंद अशी करते आहे, काही खटकलं तर आजच सांगा:

'सेविचे (नपुं.): आंबट फळाचा रस, मीठ, मिरची आणि कांदा यांत ठेवलेल्या माशाचा किंवा इतर जिनसांचा पदार्थ, विशेषतः पेरू देशातला. मासा बहुधा कच्चा असतो. लिंबाच्या रसाने तो पांढरा व घट्ट होतो, पण निर्जंतुक होत नाही. स्पॅनिशमध्ये चार लेखनं प्रचलित. व्युत्पत्ती अनिश्चित, कदाचित फारसी सिकबा, अरबी सिकबाज यांवरून.'

मुख्य कृती उकडलेल्या कोळंबीची, इक्वेडोरच्या पद्धतीची.

पोथीपान

'सिकबाज यांवरून' नंतर 'स्पॅनिश एस्काबेचेशी संबंधित' एवढं जोडा. नाहीतर अरबीतून थेट पेरूत उडी मारल्यासारखं वाटतं.

सूक्ष्मदर्शी

'निर्जंतुक होत नाही' नंतर 'त्यातले कृमीही मरत नाहीत' हे जोडा. निर्जंतुक म्हटलं की लोक फक्त जीवाणू धरतात. कोळंबीच्या कृतीतही दोन ओळी हव्यात: कच्ची कोळंबी ज्या फळीवर साफ केली ती फळी आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय उकडलेली कोळंबी किंवा कांदा-कोथिंबीर तिच्यावर कापू नये. आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावं.